ओकची पिंपे सांभाळणारा संन्यासी : दोम पेरिन्यों

पेण-रोह्याच्या बाजूला भल्या पहाटे उतरवलेली गोड ताडी दुपारपर्यंत आंबते. रस टिकवावा कसा, ही चिंता म्हणूनच आपल्याला नवी नाही. फ्रान्समधील एका बेनेडिक्टाइन संन्याशाने याच चिंतेत हयात वेचली.

पिएर पेरिन्यों यांचा जन्म १६३८ साली शॅम्पेन प्रांतातील सेंत-मेनू येथे झाला. जवळच आर्गॉनचे ओकचे अरण्य. शॅम्पेनमधील द्राक्षारसाची पिंपे त्याच लाकडाची होत. तरुणपणी त्यांनी व्हर्दन येथे मठप्रवेश केला आणि १६६८ मध्ये ते ओव्हिले मठाचे कोठारप्रमुख झाले. आपल्याकडे रायगडावर शिवराज्याभिषेक व्हायला अजून सहा वर्षे होती, आणि रोह्याहून वाहत येणाऱ्या कुंडलिकेच्या मुखाशी, चौल-रेवदंड्याला, पोर्तुगीजांचा अंमल होता.

बेनेडिक्टच्या नियमानुसार कोठारप्रमुखाने मठाची साधी भांडीही वेदीवरील पात्रांइतक्या आदराने जपायची असतात. पेरिन्यों यांनी द्राक्षांचीही तशीच निगा राखली. वेलींची छाटणी कडक, तोडणी सकाळच्या गारव्यात, दाब अगदी हलका. म्हणजे काळ्या द्राक्षांतूनही सालीचा रंग न उतरता शुभ्र रस निघे. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा मेळ घालण्यात तर त्यांचा हातखंडा होता.

पुढचा प्रश्न पिंपाचा. ओकचे लाकूड रस गळू देत नाही, पण हवेला किंचित वाट देते. गाळ खाली बसतो आणि लाकडाचा स्वाद रसात उतरतो. बर्गंडीचा भारदस्त पांढरा द्राक्षारस अशा पिंपात परिपक्व होतो. शॅम्पेनचा नाजूक रस मात्र त्यात फार काळ राहिला की सुगंध गमावी, म्हणून तो लवकर बाटलीत भरू लागले. पण उत्तरेच्या थंडीत थबकलेले आंबणे वसंतात पुन्हा सुरू होई, वायू कोंडे आणि बाटल्या फुटत.

फेसाळ शॅम्पेनचा शोध पेरिन्यों यांनी लावला, असे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ते खरे नाही. त्यांच्या मते फेस हा दोष होता आणि तो टाळण्यासाठीच ते झटले. दंतकथेला बळ दिले ते त्याच मठातील दोम ग्रोसार या संन्याशाने १८२१ मध्ये. आपल्या मठाचा अभिमान त्यांना आवरला नसावा! पुढे जाहिरातींनी ती जगभर नेली.

१७१५ मध्ये पेरिन्यों निवर्तले. १९३६ मध्ये एका व्यापारी कंपनीने त्यांच्या नावाची शॅम्पेन बाजारात आणली; तीही अर्थात फेसाळच. त्यांची कबर ओव्हिलेच्या मठमंदिरात आहे.