कामगारांचे प्रतिनिधी : नारायण मल्हार जोशी

सकाळी भोंगा होतो, कामगार कारखान्यात जातात आणि ठरलेले तास भरले की घरी परततात. हे तास कोणी ठरवले? ते ठरवताना कामगारांच्या वतीने कोण बोलले? या प्रश्नांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालवताना त्यांना त्यांचे कष्टमय जीवन जवळून पाहता आले. त्या वेळच्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाला दिवसाला बारा तास राबवता येई.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे दोन सरकारी, एक मालकांचा व एक कामगारांचा असे चार प्रतिनिधी असत. प्रत्येकाचे मत स्वतंत्र असे. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेसाठी सरकारने भारतीय कामगारांच्या वतीने नारायणरावांना नेमले. तेथे भारतातील कारखाने, खाणी व रेल्वेच्या काही शाखांसाठी आठवड्याला साठ तासांचे तत्त्व मान्य झाले. सर्वसाधारण मर्यादा मात्र अठ्ठेचाळीस तासांची होती. १९२२ मध्ये साठ तासांची मर्यादा भारताच्या कारखाना कायद्यात आली.

परंतु ज्याला कामगारांनी निवडलेच नाही, तो त्यांचा प्रतिनिधी कसा, असा आक्षेप काही पुढाऱ्यांनी घेतला. आक्षेप रास्त होता. प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नाव सुचवावे, असा परिषदेचाच नियम होता. पण देशभराची संघटना भारतात नव्हतीच. ही उणीव भरून काढण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष होते. तिच्या उभारणीत नारायणरावांचा मोठा वाटा होता आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस होते. कामगार संघांना कायद्याची मान्यता मिळावी, असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडला. तसा कायदा १९२६ मध्ये झाला.

१९२९ च्या नागपूर अधिवेशनात मोठा वाद झाला. परक्या सरकारच्या व बलाढ्य देशांच्या वर्चस्वाखालील परिषदेत प्रतिनिधी पाठवूच नये, असे एका पक्षाचे म्हणणे होते. परिषद सदोष आहे, हे नारायणराव जाणून होते. पण आपण गेलो नाही, तरी नियम व्हायचे थांबत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. अखेर ते सहकाऱ्यांसह संघटनेबाहेर पडले. हा दुरावा १९४० पर्यंत पूर्णपणे मिटला आणि ते पुन्हा सरचिटणीस झाले.

३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. नियम वॉशिंग्टन किंवा जिनिव्हा येथे होई. त्याचे परिणाम मुंबईच्या गिरणीत आणि जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात दिसत. ज्यांना नियम पाळायचा आहे, त्यांचा आवाज तो करणाऱ्या सभेत पोहोचावा आणि तेथे बोलणारा त्यांना उत्तरदायी असावा, हीच नारायणरावांच्या जीवनकार्याची शिकवण होय.