अनेक चेहऱ्यांचा माणूस : सर अ‍ॅलेक गिनेस

हेरकथा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पिस्तूल, भरधाव मोटार आणि मृत्यूला हुलकावणी देणारा देखणा नायक उभा राहतो. १९७९ साली बीबीसीने दाखवलेल्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या सात भागांच्या मालिकेत यांपैकी जवळजवळ काहीच नाही. तिचा नायक जॉर्ज स्माइली हा हेरखात्यातून घरी बसवलेला, उतारवयाचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गृहस्थ आहे. तो जुनी कागदपत्रे चाळतो, जुन्या सहकाऱ्यांना भेटतो, एखादा प्रश्न विचारतो आणि मग निमूटपणे ऐकत बसतो. आपल्याच खात्याच्या माथ्यावर बसलेल्या चार-पाच जणांपैकी रशियाला फितूर कोण, हे त्याला शोधायचे आहे.

मालिका प्रथम दाखवली गेली तेव्हा दोन भागांमध्ये आठवड्याचे अंतर असे आणि कथेचे धागेदोरे हातून निसटल्याची तक्रार बरेच प्रेक्षक करीत. पुढे ती व्हिडिओ कॅसेटवर आणि नंतर डीव्हीडीच्या तबकडीवर आली. आता ती हवी तेव्हा थांबवता येते, मागे नेता येते, पुन्हा पाहता येते. दुसऱ्यांदा पाहताना फितूर कोण हे आपल्याला ठाऊक असते. रहस्य संपलेले असते, तरीही डोळे पडद्यावरून हलत नाहीत. आपण पाहत असतो तो फक्त स्माइलीचा चेहरा. समोरचा माणूस खोटे बोलू लागला की चष्म्याआडचे डोळे किंचित स्थिर होतात, एवढेच. हा चेहरा ज्याचा, तो नट म्हणजे सर अ‍ॅलेक गिनेस. हा मनुष्य स्वतःला लपवण्याची कला कोठे शिकला, हे पाहायचे तर त्याच्या जन्मापाशी जावे लागते.

२ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. आईचे नाव अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता. तो जन्मभर कोराच राहिला. अँड्र्यू गेडिस नावाचे एक स्कॉटिश बँकर मुलाच्या शाळेची फी भरत. तेच वडील असावेत असा तर्क पुढे अनेकांनी केला, पण तो सिद्ध झाला नाही. आईने मध्यंतरी स्टिव्हन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. तो तापट होता, मुलाला त्याची दहशत वाटे आणि ते लग्न टिकलेही नाही. पण त्या काळात मुलगा अ‍ॅलेक स्टिव्हन झाला होता. चौदाव्या वर्षी त्याला सांगण्यात आले, की आपले खरे नाव गिनेस आहे. ज्या वयात आपण वहीवर वळणदार अक्षरात स्वतःचे नाव घालत असतो, त्या वयात या मुलाला आपले नाव कोणते हेच नव्याने शिकावे लागले. घर म्हणजे भाड्याच्या खोल्या, आणि भाडे थकले की तेथूनही निघायचे. अशा मुलाला गप्प राहणे आणि माणसे निरखणे या दोन गोष्टी आपोआपच साधतात.

शाळा संपल्यावर त्यांनी एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. मन मात्र रंगभूमीकडे ओढ घेत होते. त्यांनी धीर करून त्या काळचे तेजस्वी नट जॉन गिलगुड यांचा सल्ला विचारला. गिलगुड यांनी मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकवणीला पाठवले. काही धडे झाल्यावर बाईंनी निकाल दिला, की या मुलात नटाचा अंशही नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. गिनेस यांनी फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळवली. तेथील वार्षिक स्पर्धेचे बक्षीस त्यांना मिळाले तेव्हा परीक्षक होते गिलगुडच! पुढे उपासमारीचे दिवस आले. गिलगुड यांनी वीस पौंड देऊ केले, पण भुकेल्या गिनेस यांनी ते घेतले नाहीत. १९३४ साली गिलगुड यांच्याच ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिकची छोटी भूमिका मिळाली. चारच वर्षांनी, १९३८ साली, ओल्ड व्हिक रंगमंदिरात टायरन गथ्री यांनी आधुनिक वेषातले ‘हॅम्लेट’ उभे केले आणि त्यात राजपुत्राची भूमिका चोवीस वर्षांच्या गिनेस यांची होती. त्याच वर्षी अभिनेत्री मेरूला सलमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३९ साली त्यांनी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे नाट्यरूपांतर केले. त्यात मिस हॅविशमच्या भूमिकेत कोण होते? ज्यांनी त्यांना नापास केले होते, त्याच मार्टिटा हंट!

मग युद्ध आले. गिनेस आरमारात दाखल झाले आणि १९४३ साली सिसिलीवरील चढाईत सैन्य उतरवणाऱ्या एका नौकेचे अधिकारी होते. युद्ध संपल्यावर दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा चित्रपट केला (१९४६) आणि गिनेस पडद्यावर आले. १९४८ साली ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये त्यांनी म्हातारा फेगिन केला. तरुण गिनेस यांना ही भूमिका द्यायला लीन तयार नव्हते, पण रंगभूषा करून ते समोर उभे राहिल्यावर त्यांचा विरोध मावळला. त्या भूमिकेला मात्र एक काळी कडा आहे. भल्यामोठ्या नाकाचे ते ज्यू पात्र पाहून अनेकांची मने दुखावली आणि अमेरिकेत हा चित्रपट १९५१ साली काटछाट करूनच लागला. लाखो ज्यूंच्या संहाराला तेव्हा तीन-चार वर्षेही लोटली नव्हती. ही तक्रार आजही खोटी ठरवता येत नाही.

१९४९ सालच्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये तर एका उमराव घराण्यातली, एकामागून एक मरणारी आठ माणसे त्यांनी एकट्याने रंगवली. त्यांत एक बाईही होती. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ आणि ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (दोन्ही १९५१), ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) अशी विनोदी चित्रपटांची माळच लागली. एखाद्या पात्राची चाल सापडली, की उरलेला माणूस आपोआप सापडतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

या चालीशी निगडित एक हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा मॅथ्यू याला पोलिओ झाला. त्या चिंतेच्या दिवसांत गिनेस वाटेवरच्या एका कॅथलिक देवळात जाऊन बसू लागले. मुलगा बरा झाला आणि पुढे पुरता चालू लागला. १९५६ साली गिनेस यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. त्याला आणखी एक निमित्त झाले होते. १९५४ साली पडद्यावर आलेल्या ‘फादर ब्राउन’चे चित्रीकरण फ्रान्समध्ये चालू असताना ते धर्मगुरूच्या झग्यातच संध्याकाळी परतत होते. एका अनोळखी मुलाने त्यांना खरोखरीचा पाद्री समजून त्यांचा हात धरला आणि गप्पा मारत तो बराच वेळ बरोबर चालला. केवळ एका वेषावर मूल इतका विश्वास टाकते, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतली. आणि १९५७ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये कर्नल निकल्सन कोंडवाड्यातून बाहेर पडून ताठ मानेने, पण झोकांड्या खात चालतो, ती चाल त्यांनी घेतली होती आजारातून उठू पाहणाऱ्या आपल्याच मुलाची. या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. १९५९ साली ते ‘सर’ झाले. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त (१९६२) ते राजपुत्र फैसल झाले, आणि ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) त्यांना मुबलक पैसा दिला. त्या चित्रपटाने मिळालेली कीर्ती मात्र त्यांना शेवटपर्यंत नकोशी वाटत राहिली.

साठीच्या मध्यावर स्माइली त्यांच्याकडे चालून आला. कादंबरीकार जॉन ल कारे यांनी स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेली होती. १९६३ साली मॉस्कोला पळालेल्या किम फिल्बीची छाया त्यांच्या १९७४ सालच्या या कादंबरीवर स्पष्ट आहे. कादंबरीतला स्माइली बुटका आणि लठ्ठ आहे, आपण तसे नाही, ही शंका गिनेस यांना सतावत होती. त्यांनी ल कारे यांच्याकडे एक खराखुरा हेर भेटवून देण्याची मागणी केली. हेरखात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी भोजनाचा योग जुळवण्यात आला. गिनेस त्यांचे कफलिंक, बूट आणि छत्री धरण्याची तऱ्हा न्याहाळत राहिले. १९८२ साली ‘स्माइलीज पीपल’ ही सहा भागांची दुसरी मालिका आली आणि दोन्ही भूमिकांसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक लाभले. पुढे पुढे तर ल कारे यांनाच आपल्या स्माइलीच्या जागी गिनेस यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

पहिल्या मालिकेत दिल्लीच्या तुरुंगातला एक प्रसंग आहे. स्माइली रशियन हेर कार्लाला फितवू पाहतो. कार्ला एक अक्षरही बोलत नाही, आणि जाताना स्माइलीच्या बायकोने दिलेला लायटर घेऊन जातो. दुसऱ्या मालिकेत त्या प्रसंगाचे उत्तर आहे. कार्लाला एक मनोरुग्ण मुलगी आहे. तिला त्याने दुसऱ्याच नावाने स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयात ठेवले आहे आणि चोरून तिचा खर्च तो भागवतो आहे. स्माइली नेमके हे वर्म पकडतो. शेवटी बर्लिनच्या पुलावरून कार्ला शरण येतो, तो लायटर जमिनीवर टाकतो आणि स्माइली तो उचलत नाही. तो जिंकलेला असतो, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नसतो.

हा शेवट दुसऱ्यांदा पाहताना गिनेस यांचे बालपण आठवल्यावाचून राहत नाही. मुलाला आपले नाव देऊ न शकणारा, पण दुरून गुपचूप पैसे पाठवणारा बाप! असा कोणी एक आपल्याही आयुष्यात असावा, या संशयावर ज्याचे बालपण गेले, त्याच नटाने अशा बापाला कोंडीत पकडणारा माणूस उभा केला. गिनेस यांनी हा संबंध मनात जोडला होता की नाही, ते सांगता येणार नाही. पण पुलाच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यावर जे दाटून येते, ते केवळ तंत्राने येत नाही असे मला वाटते.

मराठी माणसाला त्यांची आणखी एक भूमिका जवळची वाटायला हवी होती. १९८४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये ते प्राध्यापक नारायण गोडबोले झाले. कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या मराठी संस्थानात महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्या गोडबोल्यांच्या तोंडी तुकोबांचे नाव येते ते त्यामुळेच. पण चेहऱ्याला रंग फासलेला इंग्रज नट आपल्याला गोडबोले वाटत नाही. शिवाय त्यांच्या कामाला बरीच कात्री लागली आणि लीन यांच्याशी खटका उडाला तो वेगळाच. सगळेच चेहरे अंगावर चढत नसतात, हे त्यांनाही त्या वेळी उमगले असेल.

५ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बासष्ट वर्षांची सोबत करणाऱ्या मेरूला त्यांच्या मागोमाग दोनच महिन्यांनी गेल्या. ज्याला चौदा वर्षे स्वतःचे नाव धड मिळाले नव्हते, त्याने शेकडो नावे धारण केली आणि प्रत्येकाला स्वतःची चाल दिली. जन्मदाखल्यावरचा तो रकाना अखेरपर्यंत कोराच राहिला. त्या कोऱ्या जागेची गिनेस यांनी तक्रार केली नाही. तीच त्यांनी आपली रंगभूमी केली.