दिव्याच्या आधीची फ्लॉरेन्स



फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेतलेली परिचारिका डोळ्यांपुढे येते. आम्ही त्याआधीची गोष्ट सांगणार आहोत, ती परदेशी शिकायला गेली त्याची.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात तिचा जन्म झाला. शहराचेच नाव तिला मिळाले. घरचे श्रीमंत. वडिलांनी तिला पाच परक्या भाषा शिकवल्या. पण १८४५ साली तिने रुग्णसेवा शिकायचे ठरवताच घरात आकाशपाताळ एक झाले. इस्पितळातली सेवा हे तेव्हा दारुड्या, अडाणी बायकांचे काम समजले जाई.

१८४९-५० च्या हिवाळ्यात ती स्नेह्यांबरोबर बोटीने नाईल नदीतून फिरली. इजिप्तची देवळे पाहून भारावली. तिथल्या माणसांबद्दल मात्र तिने घरी जे लिहिले ते आज वाचवत नाही, इतके तुच्छतेचे आहे. बोटीतून माणसे कशी कळणार?

त्याच प्रवासात परतताना ती जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या कैसरवेर्थ गावी दोन आठवडे राहिली आणि १८५१ साली पुन्हा तीन महिने शिकायला गेली. आई व बहीण तेव्हा कार्ल्सबादला होत्या. फ्लॉरेन्स कुठे आहे हे चारचौघांत कळू द्यायचे नाही असे ठरले होते! कैसरवेर्थला पहाटे पाचला उठायचे, चार वेळचे खाणे प्रत्येकी दहा मिनिटांत उरकायचे, चहा म्हणजे राय नावाच्या धान्याचे पेय. सोबतच्या बहुतेक मुली शेतकऱ्यांच्या. बोलणे जर्मन. नोकरचाकरांत वाढलेली ही मुलगी तिथे त्यांच्या बरोबरीने राबली. तिथली स्वच्छता तिला मुळीच पटली नाही, पण त्या बायकांची निष्ठा ती जन्मभर विसरली नाही.

१८५३ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचे स्त्रियांचे रुग्णालय तिच्याकडे आले. समितीला फक्त इंग्लंडच्या चर्चच्या रुग्ण हव्या होत्या. फ्लॉरेन्स अडून बसली: कॅथलिक आणि ज्यू बायकांनाही घ्यायचे, त्यांच्या धर्मगुरूंना भेटू द्यायचे, नाहीतर मी येत नाही. समितीला मान्य करावे लागले. आम्हांला हा प्रसंग दिव्यापेक्षा मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी ती ३८ बायका घेऊन तुर्कस्तानात युद्धातल्या जखमींसाठी गेली, तेव्हा त्यांत कॅथलिक नन होत्या, इंग्लिश चर्चच्या भगिनी होत्या आणि पगारी परिचारिकाही. त्यांची भांडणे सोडवता सोडवता तिच्या नाकी नऊ आले.

नंतर तिने हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवल्या. पाणी कुठून येते, मैला कुठे जातो? आमच्यासारख्या संगणकवाल्यांना याचे फार कौतुक. वर्षाला दर हजारी ६९ गोरे सैनिक मरत होते, हे १८६३ च्या अहवालात पुढे आले. पण उत्तरे देणारे साहेबलोकच होते. रयत त्यात नव्हती. हे तिला पुढे कळत गेले. दुष्काळ, सावकारी, पाटबंधारे यांवर ती लिहू लागली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिने पत्रव्यवहार केला. स्वच्छतेची माहिती खेड्यापाड्यांत लोकांना त्यांच्याच भाषेत मिळावी, असा तिचा आग्रह होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये ती वारली. हिंदुस्थानात तिला एकदाही जाता आले नाही.