८६४ अणूंचा माणूस

कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या! मी मूळचा लातूरचा. नांदेडच्या हॉस्टेलवर जेलच्या सिम्युलेशनसाठी 'ग्रोमॅक्स' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर कंपाइल करत होतो. तीन रात्री गेल्या. एक एरर काढली की दुसरी हजर! आपल्याकडच्यांचं हे काम नाही, म्हणून सोडणारच होतो. तेवढ्यात इनपुट फाइलमध्ये दाबाच्या ओळीत नाव दिसलं, 'पारिनेल्लो-रहमान'.

शोधलं तर अनीसुर रहमान निघाले हैदराबादचे! जन्म १९२७ चा. तेव्हा आपलं नांदेड-लातूरही हैदराबाद संस्थानातच होतं. केंब्रिज आणि बेल्जियममध्ये शिकून १९६० साली ते अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत गेले. १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप आरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल कॉम्प्युटरवर मोजली. १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत पाण्याचे २१६ रेणू घेतले. पुढे पारिनेल्लो यांच्यासोबत अशी पद्धत काढली की दाबाप्रमाणे सिम्युलेशनच्या पेटीचा आकारही बदलतो. १९८७ मध्ये ते वारले.

माझ्या सेकंडहँड पीसीवर आज हजारो अणू सहज फिरतात. म्हणजे कमी मशीन पडत नव्हतं, मीच पडत होतो. चौथ्या रात्री पुन्हा बसलो. जेल हललं!