पंच केन अ‍ॅस्टन

पंचानें शिट्टी वाजविली कीं हरणारा पक्ष त्यास पक्षपाती म्हणतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अशा आरोपांस ज्यांनीं कृतीनें उत्तर दिलें, त्या केन अ‍ॅस्टन यांचें अल्पचरित्र येथें देत आहों.

यांचा जन्म १९१५ सालीं इंग्लंडांत कोल्चेस्टर येथें झाला. पेशानें ते शिक्षक असून पुढें मुख्याध्यापक झाले. १९६२ सालीं सँटियागो येथें विश्वचषकांतील चिली-इटली सामन्याचे ते पंच होते. खेळाडू हातघाईवर आले. अ‍ॅस्टन यांनीं इटलीच्या दोघांस बाहेर काढिलें. पहिला हटेना, म्हणून पोलिसांस बोलवावें लागलें. चिलीच्या एका खेळाडूचा गुद्दा मात्र शिक्षेवांचून सुटला, व इटलींत अ‍ॅस्टन यांजवर पक्षपाताचा ठपका आला.

१९६६ च्या विश्वचषकांत ते पंचांचे प्रमुख होते. इंग्लंडाविरुद्धच्या सामन्यांत जर्मन पंच क्राइटलाइन यांनीं अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन यास उद्धट वर्तनाबद्दल बाहेर काढिलें. पंचांस स्पॅनिश येत नव्हती; कर्णधार मैदान सोडीना. शेवटीं अ‍ॅस्टन यांनीं त्याची समजूत घातली.

घरीं परततांना रस्त्यावरील दिव्यांनीं त्यांस युक्ति सुचविली: पिवळें कार्ड म्हणजे ताकीद, तांबडें म्हणजे बाहेर. १९७० सालीं मेक्सिकोंतील विश्वचषकांत तीं प्रथम आलीं. आतां निर्णय कोणत्याही भाषेच्या खेळाडूस व प्रेक्षकांसही तत्काळ कळूं लागला.

२००१ सालीं ते वारले. पंचावरील आरोप त्यांमुळें थांबले नाहींत. परंतु अपशब्दास अपशब्दानें उत्तर न देतां, निर्णय सर्वांदेखत स्पष्ट करावा, हा धडा आमच्या मुलांनीं मैदानावर अवश्य गिरवावा.