थोरांची ओळख : डॉ. लुडविग गुटमन

जर्मनी देशातील तोस्त या लहानशा गावी ३ जुलै १८९९ रोजी एका ज्यू कुटुंबात लुडविग गुटमन यांचा जन्म झाला. हे गाव आता पोलंड देशात आहे. तो भाग कोळशाच्या खाणींचा. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, हा मुलगा तिथल्या अपघाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून जात असे. एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तिथे आणला. त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले होते. डॉक्टरांनी त्याला प्लास्टर घातले, पडद्याआड एकटे ठेवले आणि लुडविगला सांगितले की याच्यासाठी धडपड करू नकोस, हा थोड्याच आठवड्यांत जाणार. तसेच झाले. पाच आठवड्यांनी तो गेला. लुडविगच्या मनातून मात्र तो कधीच गेला नाही.

मुलांनो, आपल्या कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणारी ती दोरीच समजा. ती दुखावली की खालच्या अंगाला हालचाल नाही, कळ नाही, लघवीची जाणीवही नाही. पण माणूस मरायचा तो त्यामुळे नव्हे. एकाच कुशीवर पडून पडून पाठ फुटायची, जखमा चिघळायच्या, लघवीच्या पिशवीत जंतू व्हायचे आणि मग ताप चढून खेळ खलास. आपल्या गावाकडे आंब्यावरून किंवा माडीवरून माणूस पडला की चार जण हातपाय धरून त्याला उचलतात. तसे मुळीच करू नये. आत मोडलेला कणा आणखी सरकतो. मान आणि पाठ सरळ राहील असे फळीवर घेऊन दवाखान्यात न्यावे. आलेल्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

गुटमन पुढे ब्रेस्लाव शहरात मेंदू आणि मज्जासंस्थेचे नामांकित डॉक्टर झाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्यामुळे त्यांची सरकारी दवाखान्यातली नोकरी गेली. मग ते ज्यू लोकांच्या दवाखान्यात काम करू लागले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनामंदिरे जाळली गेली. त्या रात्री जो दारात येईल त्याला काही न विचारता भरती करून घ्या, असे त्यांनी सांगून ठेवले होते. सकाळी पोलीस आले. गुटमन एकेका खाटेपाशी थांबून त्या माणसाचा आजार समजावून सांगत गेले. चौसष्टपैकी साठ जणांना त्यांनी असे वाचवले. केवढे हे धाडस! १९३९ साली बायको आणि दोन मुलांना घेऊन ते इंग्लंडला गेले.

तिथे दुसऱ्या महायुद्धात जखमी होणाऱ्या शिपायांसाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल या गावच्या दवाखान्यात कणा दुखावलेल्यांचा विभाग उघडला. गुटमन त्याचे प्रमुख झाले. त्यांनी आधी काय केले, तर प्लास्टरे काढून टाकली. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येकाची कूस बदलायची असा नियम केला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला ते अपरात्री स्वतः येत. चूक दिसली की कोणाचीही गय नाही! रोगी त्यांना घाबरत, कुरकुरत आणि प्रेमाने पप्पासुद्धा म्हणत.

जखमा भरू लागल्या. पण वीस-बावीस वर्षांचा जवान भिंतीकडे तोंड करून पडून राही. आपण आता कोणाच्या कामाचे, हा त्याच्या मनातला घोर औषधाने कसा जाणार? इथे गुटमन यांची खरी हुशारी दिसते असे मला वाटते. पडद्याआड एकटा मेलेला तो खाणकामगार त्यांना आठवत होता. त्यांनी अशा सगळ्या रोग्यांना एकत्र ठेवले. नवा आलेला पाहायचा की शेजारचा आपल्यासारखाच लुळा आहे, तरी दोन्ही हातांवर जोर देऊन खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसतो, स्वतःचे कपडे स्वतः घालतो. डॉक्टरांनी शंभरदा सांगून जे पटत नसे ते शेजाऱ्याकडे बघून पटे. शिवाय सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन अशी कामे शिकवली जात. घरी जाऊन पोट भरता आले पाहिजे ना!

आता खेळाची गंमत ऐका. काही जवान खुर्चीत बसून काठ्यांनी एक चकती टोलवत होते. ते पाहून गुटमन स्वतः खुर्चीत बसून खेळायला उतरले. पुढे २९ जुलै १९४८ ला, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, दवाखान्याच्या हिरवळीवर धनुष्यबाणाचा सामना झाला. खेळणारे सोळाच, चौदा पुरुष आणि दोन बायका. १९५२ मध्ये हॉलंडचे खेळाडू आले आणि १९६० साली रोम शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. हीच पुढची पॅरालिंपिक. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग गेले होते. अशा जवानांसाठी १९७४ पासून पुण्याजवळ खडकीला केंद्र आहे.

स्टोक मँडेव्हिलचे रोगी घरी गेले तरी एकमेकांना विसरले नाहीत. सू मॅशम नावाच्या बाई १९५८ साली घोड्यावरून पडल्या, इथे उपचार घेतले, रोमला पोहण्यात पदक मिळवले. त्यांनीच १९७४ साली कणा दुखावलेल्यांची संघटना काढली. कारभार पाहणारे स्वतःच चाकाच्या खुर्चीवरचे! नव्याने जखमी झालेल्याला आणि त्याच्या घरच्यांना धीर द्यायला, घरात काय बदल करावे हे सांगायला आधीचा अनुभवी माणूस जातो.

गुटमन यांना १९६६ साली सर हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी ते वारले. २०१२ साली लंडनला पॅरालिंपिक भरले तेव्हा ज्योत पेटवायचा मान मार्गारेट मॉन या बाईंना मिळाला. रोमला धनुष्यबाणात सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या गुटमन यांच्याच दवाखान्यातल्या रोगी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या वयात, खुर्चीत बसूनच त्यांनी ती पेटवली.