धुरक्याचे मूळ

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. १९४३ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरावर एक दाट, मळकट पटल उतरले. भरदिवसा थोड्या अंतरावरचे दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायूचा हल्ला केला, असेच अनेकांना वाटले. परंतु शत्रूचे एकही विमान आले नव्हते. शहरात कृत्रिम रबरासाठी लागणारे एक रसायन तयार करण्याचा कारखाना होता. सर्वांचा संशय त्याच्यावर गेला व तो काही काळ बंद ठेवण्यात आला. तरीही ते पटल पुन्हा पुन्हा येतच राहिले. धूर आणि धुके एकत्र झाले की त्यास मराठीत ‘धुरके’ म्हणतात. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात मात्र धड धुके नव्हते, आणि कोळशाचा काळा धूरही नव्हता. मग ते होते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले, ते आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी उट्रेख्ट या गावी झाला. तेथील विद्यापीठातून १९२९ साली त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टर ही पदवी मिळविली. वनस्पतींच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये कोणती, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होऊ लागली. १९३६ साली ते अमेरिकेत आले आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसजवळील पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत अध्यापन करू लागले. फळांना वास कशामुळे येतो, हा त्यांच्या आवडीचा विषय होता. त्यासाठी त्यांनी टनावारी अननस गोळा केले आणि त्यांच्या सुगंधाचा अर्क काढला. एवढ्या मोठ्या राशीतून हाती लागला तो अगदी थोडा अर्क. हवेत विरून जाणारी सूक्ष्म द्रव्ये पकडण्याची ही कला पुढे किती उपयोगी पडणार होती, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

१९४७ साली लॉस एंजेलिस येथे हवा शुद्ध राखण्यासाठी एक सरकारी खाते स्थापन झाले. लंडनमध्ये कोळशातील गंधकाच्या धुराने हवा बिघडे; येथेही गंधकाचाच दोष असावा, असा अधिकाऱ्यांचा तर्क होता. तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांतून निघणारा गंधकाचा वायू कमी करण्यात आला. पण लोकांच्या डोळ्यांतले पाणी काही थांबेना. तेव्हा या खात्याने हागेन-स्मिट यांची मदत मागितली.

त्यांनी अननसाची युक्तीच हवेवर चालविली. हजारो घनफूट हवा त्यांनी अतिशय थंड केलेल्या नळ्यांतून ओढून घेतली. हवेतील द्रव्ये गोठून नळ्यांत राहिली. गोळा झाला तो तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा द्रव! त्याचे पृथक्करण केल्यावर त्यात पेट्रोलच्या वाफेपासून झालेली द्रव्ये आढळली.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोलची वाफ हवेत मिसळते व ठिणगी पडताच जळते. त्या स्फोटाने दट्ट्या ढकलला जातो आणि चाके फिरतात. पण सगळेच पेट्रोल काही जळत नाही; काही वाफ तशीच बाहेर पडते. शिवाय इंजिनातील प्रचंड उष्णतेत हवेतला नत्रवायू व प्राणवायू यांचा संयोग होऊन नवे वायू तयार होतात. या साऱ्यावर कॅलिफोर्नियाचे कडक ऊन पडले की त्यापासून ओझोन व डोळ्यांना झोंबणारी इतर द्रव्ये निर्माण होतात. शहर डोंगरांच्या कुशीत वसलेले, आणि वर उबदार हवेचा थर कढईवरच्या झाकणासारखा बसलेला. त्यामुळे ही हवा कोंडून राही. तेलाच्या कारखान्यांतील व साठ्यांतील वाफांचाही यात वाटा होता. तथापि मोटारी होत्या सुमारे २० लाख, आणि त्या घरोघरी होत्या. ज्या धुरक्याने शहराचे डोळे झोंबत होते, ते बरेचसे शहरवासीयांच्याच मोटारींतून निघत होते.

ही गोष्ट अनेकांना रुचली नाही. तेल-कंपन्यांच्या पैशाने धुरक्याचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञाने तर पॅसाडेनालाच येऊन भर सभेत हागेन-स्मिट यांचे निष्कर्ष चुकीचे ठरविले. श्रोत्यांत ते स्वतः बसले होते. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. आवडीचे वनस्पतींचे काम त्यांनी बाजूला ठेवले आणि धुरक्याचा छडा लावण्याचा निश्चय केला.

आता केवळ तर्क चालणार नव्हता. त्यांनी बंद कोठडीत पालक, बीट यांसारखी रोपे ठेवली व तीत ओझोन आणि पेट्रोलची वाफ सोडली. आसपासच्या शेतांत धुरक्याने पाने जशी चकाकून करपत, तशीच या रोपांची पानेही करपली. रबराची परीक्षा तर फारच सोपी होती. वाकवलेल्या रबराच्या तुकड्यास ओझोन लागला की चिरा पडतात. त्या किती मिनिटांत पडतात हे पाहून हवेतील ओझोन मोजता येई. त्या शहरात मोटारींची टायरे लवकर का तडकतात, याचाही उलगडा झाला. मोटारीच धूर सोडीत होत्या आणि त्यांचीच टायरे फाटत होती! १९५२ साली त्यांनी आपला सिद्धान्त सविस्तर प्रसिद्ध केला. पुढे इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही तेच आढळले.

मोटारींत सुधारणा होण्यास मात्र वेळ लागला. इंजिनातून गळणारी वाफ पुन्हा इंजिनातच जाळण्याची सोय कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत १९६१ च्या सुमारास आली. १९६६ साली तेथे मोटारींच्या धुरावर मर्यादा घालण्यात आली. १९६८ साली संपूर्ण राज्याच्या हवेची काळजी वाहणारे मंडळ कामास लागले व त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांना देण्यात आले. प्रयोगशाळेत रमणाऱ्या या प्राध्यापकास आता मोटार-कारखानदारांशी व राजकीय पुढाऱ्यांशी वाद घालावे लागत. ते पद त्यांनी १९७३ पर्यंत सांभाळले. त्याच वर्षासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञानपदकाचा मान त्यांना मिळाला.

१९७५ साली धुरातील विषारी वायू बाहेर पडण्यापूर्वीच निरुपद्रवी करणारे उत्प्रेरक पात्र अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींत बसविण्यात येऊ लागले. त्यानंतर दोन वर्षांनी, १७ मार्च १९७७ रोजी, पॅसाडेना येथे हागेन-स्मिट यांचे निधन झाले.